हरिणीने दिलेला शब्द

सागाच्या एका जंगलात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. पाडस म्हणायचे इतकेच. त्याला आता शिंगे फुटली होती आणि आईने अंग चाटले की ते इकडेतिकडे बघून लाजत असे. ओढ्याकाठी खाऱ्या मातीची एक जागा होती, तिला सगळे चाटण म्हणत. हरणांना मीठ लागतेच, म्हणून दूरदूरचे कळप तिथे येत, आणि मिठाबरोबर जंगलभरच्या बातम्याही तिथेच मिळत. कुणाची शिंगे किती वाढली, कुणाची झुंज कशी झाली! पाडसाला त्या जागेचे असे वेड लागले की चरायचे सोडून ते दिवसभर तिथेच मान खाली घालून उभे राही. शेवटी हरिणी भडकली. "पुन्हा तिकडे पाऊल टाकलंस तर तुला कळपाबाहेर हलू देणार नाही," तिने बजावले. पाडसाने निमूटपणे मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते चोरून जाऊ लागले. बाळांनो, असे आणखी कोण कोण करते ते मी विचारत नाही.

चोरून येणारा एकटा असतो, हे एका कोल्ह्याने बरोबर हेरले. बिबट्याच्या उष्ट्यावर त्याचे पोट चाले. त्याने पाडसाच्या शिंगांचे तोंड भरून कौतुक केले, हळूहळू दोस्ती जमवली आणि एके दुपारी म्हणाला, "पलीकडच्या घळीत याहून चांगलं मीठ आहे. फक्त आईला सांगू नकोस, ती तुझं इथलं येणंही बंद करील." पाडस गेले. घळीत बिबट्या दबा धरून बसला होता. त्याचा पंजा मांडीला ओझरता लागला आणि पाडस कसेबसे निसटले. घरी येऊन त्याने सांगितले, झुडपात ओरखडले.

जखम चाटताना हरिणीने ओळखले की ही झुडपाची नव्हे, बिबट्याच्या नखांची करणी आहे. तिचे काळीज चरकले. पण बिबट्याहून दुसरेच काहीतरी तिला जास्त लागले. मरणाच्या दारातून परतलेले आपले पोर आपल्यालाच घाबरून खोटे बोलत होते. कळपातल्या थोरल्या हरिणी म्हणाल्या, याला आता नजरेआड होऊच देऊ नकोस. हरिणीला ते पटले नाही. मीठ काही सुटणार नव्हते, आणि पोर उद्या मोठे होऊन नरांच्या कळपात जाणार होते. तिथे पहारा कोण देणार? तिने मनाशी पक्के ठरवले. "आजपासून चाटणावर आपण दोघं जायचं," ती म्हणाली. "आणि तिथे काहीही घडो, आधी माझ्याकडे यायचं. मी तुझं जाणं बंद करणार नाही, हा माझा शब्द."  तेव्हा कोल्ह्यापासून घळीपर्यंतचे सगळे पाडसाने रडत रडत सांगून टाकले. हरिणीला राग आला, चांगलाच आला. पण तिने तो गिळला.

चाटताना मध्येमध्ये मान वर करायची, वारा हुंगायचा, अनोळखी कुणी गोड बोलू लागला की कळपाकडे सरकायचे, पुरेसे मीठ मिळाले की निघायचे, हे सारे तिने शेजारी उभे राहून शिकवले. एकदा तीच बातम्यांत रंगली, तेव्हा पाडस म्हणाले, "आई, मान वर." हरिणी ओशाळली आणि मुकाट्याने घरी निघाली. पुढे ती रोज थोडी थोडी लांब उभी राहू लागली. असाच एक दिवस कोल्हा आला आणि पाडसाला एकटे पाहून दरडावू लागला, "घळीत चल, नाहीतर तू तिथे गेला होतास हे तुझ्या आईला सांगेन." झुडपाआडून हरिणीने ते ऐकले. तिचे पाय पुढे धावू पाहत होते, पण तिने ते रोखून धरले. पाडसाने कोल्ह्याकडे सरळ पाहिले. "तिला मी केव्हाच सांगितलंय," ते म्हणाले, आणि त्याने अशी इशारत दिली की सारा कळप सावध झाला. कोल्ह्याजवळ धमकी तेवढी एकच होती.

तात्पर्य : मुलांच्या हातातला मोबाईल हिसकावून घेणे सोपे असते, पण चूक झाली तरी आईबापांकडे जाता येते, एवढा भरवसा ज्या मुलाला असतो, त्याला भुलवणाऱ्याचे आणि धमकावणाऱ्याचे काही चालत नाही.