भिवराईचा शब्द

चिंचखोऱ्याला तट होता, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षं झाली. गादीसाठी दोन चुलतभाऊ भांडत होते आणि मुलूख दुभंगला होता. एका घरातला थोरला या फौजेत, तर धाकटा त्या फौजेत.

चिंचखोऱ्याला वेढा पडून सात महिने झाले. दाणा संपला. लोक चिंचोके भाजून खाऊ लागले, पोरं दगावू लागली. तरी ठाणेदार वेस उघडेना. तेव्हा भिवराई कासारीण त्याच्यापुढे उभी राहिली.

"मी बोलणी करून येते. कबूल?"

ठाणेदाराने मान डोलावली.

भिवराई एकटी शत्रूच्या गोटात गेली. वेढा घालणारा सरदार होता रायाजी.

"हत्यारं खाली ठेवून आमची फौज निघून जाईल," ती म्हणाली. "गावातल्या एकाही माणसाला हात लावायचा नाही."

"आणि दगा झाला तर?"

"माझी मान घ्या."

दुसऱ्या दिवशी वेस उघडली. तलवारींचा ढीग पडला. रायाजीचा धाकटा भाऊ ताबा घ्यायला सगळ्यांपुढे, रिकाम्या हातांनी आत आला.

आणि तटावरून बार उडाला. पोरगा जागीच कोसळला.

बंदूक ठाणेदाराच्या हातात होती. गावाचा विश्वासच बसेना. बाहेर हजार तलवारी उपसल्या गेल्या.

भिवराई वेशीत गेली, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"सरदार, शब्द मी दिला होता. गावाने नाही."

रायाजी रागाने आंधळा झाला होता. त्याने वार केला.

मुंडकं खाली पडलं. धड पडलं नाही. असं म्हणतात, ते तसंच हात पसरून उभं राहिलं, दिवस मावळेपर्यंत. घोडी पुढे पाऊल टाकीनात. रायाजीच्या हातून तलवार गळाली. तो तिथेच बसला आणि लहान पोरासारखा रडला. गावातलं दुसरं एकही माणूस मेलं नाही. ठाणेदार कुठे गेला, ते कुणी सांगत नाही. त्याचं नावही कुणी लक्षात ठेवलं नाही.

त्या वेशीला पुन्हा दारं बसली नाहीत. भिवराई गेली त्या वैशाखातल्या दिवशी चिंचखोऱ्यात आजही कुणी कुणाला शब्द देत नाही. सोयरीक ठरत नाही, सौदा होत नाही. पाहुणा निघाला तर "येतो"सुद्धा म्हणत नाही. मुकाट उठतो, वेशीत घटकाभर थांबतो आणि चालू लागतो.