महाराजांचा डावा पाय

"रक्त परत आलं ना रे? मग पाय का फुगतोय?"

केशवगिरी महाराजांनी खाटेवरूनच विचारलं. सकाळी त्यांचा डावा पाय गार पडला होता. त्यांचा शिष्य डॉ. जनार्दन खोचरे, मोठा नावाजलेला सर्जन, त्याने मठाच्याच दवाखान्यात जांघेतून रक्ताची गाठ काढली. पाय गरम झाला. आम्ही मठातल्यांनी व्हरांड्यात त्याचाच जयजयकार केला, आणि त्यानेही तो खुशाल करू दिला.

दुपारी पोटरी लाकडासारखी टणक झाली.

"महाराज, तुम्ही पडून राहा. मी आहे ना."

"तू आहेस ते दिसतंय. पायाचं सांग."

जनार्दनने घाम पुसला. "रक्ताविना मांस मार खाऊन बसलं होतं. रक्त आलं, त्याबरोबर पांढऱ्या पेशी आल्या. खरं तर त्या शरीराच्या राखणदार. पण मार खाल्लेलं मांस बघून चवताळल्या. जंतू नाहीत, काही नाही, तरी घरच्याच मांसावर विष सोडतायत. आत सूज दाटतेय आणि मांसावरचं घट्ट आवरण सैल पडत नाही. असंच राहिलं तर आलेलं रक्त पुन्हा अडेल."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय."

"हो ना! नालायक पेशी!"

"नालायक कशाला? भक्त आहेत बिचाऱ्या."

महाराजांनी दाराकडे हात केला. तिथे आम्ही. सकाळपासून पाय चेपायला मिळावेत म्हणून एकमेकांना ढकलत होतो.

"ह्यांना आत सोडून बघ. सगळे मायेनंच येतील."

आम्हाला हसू आलं, पण जनार्दनचा चेहरा बघून गिळलं.

"उपाय काय?"

"पोटरीला लांब चिरा द्यायच्या. आवरण उघडलं की दाब उतरेल."

"मग खोळंबलास कशाला?"

जनार्दन खाटेपासून एक पाऊल मागे सरला.

"बोल की."

"ह्या पायांवर लहानपणापासून डोकं ठेवत आलो, महाराज. त्यांवर सुरी... माझ्याच्याने नाही होणार. शहरातून दुसऱ्या सर्जनना बोलावलंय. येतीलच."

"तोवर पाय थांबेल?"

एवढा शिकलेला माणूस, आणि हात बांधल्यासारखा उभा!

"क्षमा करा, महाराज," म्हणत तो वाकला. सुजलेल्या पावलावर कपाळ टेकवून लहान पोरासारखा रडू लागला.

महाराज छताकडे बघत होते.

"जना, नमस्कार करायचाय तर कर. वाकून शोधतोयस काय?"

"केला, महाराज... डोकं पायावरच आहे."

महाराजांनी मान उचलून पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला.

"मला कळलं नाही रे..."

जनार्दनने पावलाला चिमटा काढला; महाराजांना तोही कळला नाही.

"ऊठ, सुरी घे. पाया पडायला पाय तर राहू दे."