पाचू पोपट आणि आग्रही राजा

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. त्याच्या तलवारीची कीर्ती फारशी कुठे पोहोचली नव्हती, पण त्याच्या पंक्तीची मात्र सात समुद्रांपलीकडे गेली होती. राजा स्वतः ताट हाती घेऊन पंक्तीत फिरे, आणि पाहुणा नको म्हणाला की त्याला उलटा जोर चढे. "हा माझ्यासाठी! हा राणीसाहेबांसाठी!" असे म्हणत तो लाडूवर लाडू वाढी. पाहुण्यांना निघताना मुजऱ्यासाठी वाकता येत नसे. राणी गौतमी म्हणे, "महाराज, माणसाच्या पोटाला मोजमाप असतं." राजा हसे आणि पुढच्या पानाकडे वळे.

राजाराणीला एकच कन्या होती, इंदुरेखा. तिचा आवाज गोड, आणि तिचा एक लाडका पोपट होता, पाचू.

एके दिवशी विरूपाक्ष नावाचा मांत्रिक पंक्तीला येऊन बसला. गोड न खाण्याचे त्याचे व्रत होते आणि बारा वर्षांचे ते तप पुरे होत आले होते. राजा पेढे घेऊन येताच त्याने पानावर हात आडवा धरला. राजाला गंमत वाटली. मांत्रिक पाणी पीत असताना त्याने एक पेढा हळूच भाताखाली दडवला. मांत्रिकाने घास घेतला, आणि बारा वर्षांचे व्रत त्या घासासरशी मोडले.

मांत्रिक उठून उभा राहिला. पंक्तीतले दिवे आपोआप निळे झाले.

"राजा, तुझ्या लेकीचा जीव आणि तिचा आवाज आजपासून या पोपटात राहील. पोपट स्वतःच्या पंखांनी उडून राजवाड्याच्या कळसावर बसेल, तेव्हा दोन्ही तिला परत मिळतील. पोपट त्याआधी मेला, तर मुलगीही जाईल."

"एवढंच?" राजाने विचारले.

"एवढंच. मी त्याच्या पिसालाही हात लावणार नाही. ते काम तू करशील."

असे बोलून मांत्रिक भिंतीतून निघून गेला.

इंदुरेखेचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. पिंजऱ्यातून मात्र तिचाच आवाज आला, "आबा, मला भीती वाटते."

पाचू पिंजऱ्यात वाढलेला, फार तर खिडकीपर्यंत उडणारा. कळस उंच. राजाने हुकूम सोडला, "पोपटाला ताकद आली पाहिजे. कशाची कमतरता पडू देऊ नका!"

मग काय विचारता! सकाळी दूधसाखर, दुपारी तुपातला शिरा, मधल्या वेळी खारे काजू आणि सूर्यफुलाच्या बियांचा ढीग. प्रजाही मागे राहिली नाही. राजकन्येसाठी नवस बोलून लोक पेढ्यांचे पुडे घेऊन राजवाड्यात येऊ लागले. पाचू कण्हला की राजा म्हणे, भूक लागली असेल. पाचू मान फिरवी, तेव्हा राजा चुचकारून आणखी एक घास भरवी. हळूहळू पाचूला गोडाचीच चटक लागली. तो लठ्ठ झाला. पिसे निस्तेज झाली, दांडीवरून पिंजऱ्याच्या तळाशी उतरतानाही त्याला धाप लागे. आणि जशा तो धापा टाकी, तशाच इकडे इंदुरेखाही टाकी. चार पायऱ्या चढताना तिने राणीचा खांदा धरला, त्या दिवशी राणीचा धीर सुटला.

"महाराज," राणी म्हणाली, "जे पोपट उडतात ते काय खातात, हे आपण कोणाला विचारलं का?"

राजाने विचारले नव्हते. त्याने घोड्यावर खोगीर घातले आणि तो पोपटांच्या शुकवनात गेला. तिथे शेवरीच्या झाडावर थोरला रावा, सगळ्यांत म्हातारा पोपट, बसला होता. त्याच्या चोचीला कित्येक राजांची नावे ठाऊक होती.

"तीन कामं कर," रावा म्हणाला. "उत्तरेच्या डोंगरावर हिरवा बाजार भरतो, तिथून मूठभर खाणं आण. खजिन्याच्या गुहेपलीकडे झरा आहे, तिथून तांब्याभर पाणी आण. तिसरं काम घरी गेल्यावर कर."

"ते कोणतं?"

"सर्वांत अवघड. वेळ आली की कळेल."

हिरव्या बाजारात माणसे नव्हती. भाज्या आणि फळे आपापल्या टोपलीत बसून गप्पा मारीत होती. मोल काही नव्हते, पण मुठीबाहेर जो घेई त्याचा हात दगडाचा होई. तसे पुष्कळ हात तिथे कुंपण म्हणून रोवलेले होते. राजाने सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि कुंपण पाहून एक मागे घेतला.

"मला ने," मेथी म्हणाली. "पण रोज मलाच नको. उद्या गाजराला ने, परवा लाल भोपळ्याला."

"मी आहे, पण फोडीपुरता," पेरू म्हणाला.

"आम्ही चिमूटभर," सूर्यफुलाच्या बिया खाली बघत म्हणाल्या. त्यांना राजवाड्यातले सारे कळले होते.

मेथीची काडी, पेरूची फोड, मोड आलेले मूग, मटाराची शेंग, बाजरीचे अर्धे कणीस आणि एक हिरवी मिरची, एवढे घेताच मूठ भरली. मूठभर खाण्यात एवढी माणसे मावतात हे राजाने आयुष्यात प्रथमच पाहिले. माणसे म्हणजे भाज्याच, पण त्याला तसे वाटले खरे.

मग तो खजिन्याच्या गुहेत शिरला. तिथे सोन्याच्या परातींत शापित मिठाई रचलेली होती आणि भोवती जुने जुने राजे जेवत बसले होते. त्यांचे खाणे कधी संपत नव्हते आणि पोट कधी भरत नव्हते. राजाला पाहताच सगळे एकदम ओरडले.

"या, या! घ्या हो, एक तरी घ्या!"

"नको," राजा म्हणाला.

"आमच्यासाठी एक! अहो, एकाने काय होतं?"

एकाने त्याचा हात धरला, दुसऱ्याने त्याच्या तोंडाशी बर्फी आणली. राजाने तोंडावर हात आडवा धरला. त्याच क्षणी त्याला पानावर आडवा धरलेला विरूपाक्षाचा हात आठवला आणि लाजेने त्याचा चेहरा तापला. आपण किती जणांना असे छळले, हे त्याला आज कळत होते.

"पुरे!" राजा ओरडला. हा शब्द त्या गुहेत आजवर कोणी उच्चारला नव्हता. जुन्या राजांचे हात जागच्या जागी थांबले. तो त्यांच्यामधून चालत गेला, झऱ्यावर तांब्या भरला आणि माघारी फिरला.

घरी येताच त्याने दूधसाखर बंद केली, शिरा बंद केला, पेढ्यांचे पुडे दारातूनच परत पाठवले. ते मूठभर खाणे वाटीत आणि ते पाणी तांब्यात रोज सकाळी आपोआप पुन्हा भरलेले असे, मात्र वाटीत आज एक भाजी असे तर उद्या दुसरी. राजा स्वतः वाटी धुई, शिळे काढून टाकी, ताजे पाणी ठेवी. वाटी तो दर खेपेला थोडी उंच टांगी, म्हणजे पाचूला चढावे लागे, मग फडफडावे लागे, मग उडावे लागे.

आणि इथे तिसरे काम सुरू झाले. पाचू वाटीकडे पाही आणि इंदुरेखेच्या आवाजात म्हणे, "आबा, मला हे नको. पेढा द्या ना. आबा, तुमची माझ्यावर माया नाही का?"

राजाने लढाईत घाव सोसले होते, पण हे त्याला सोसवत नव्हते. तो देवघरात जाऊन रडे, डोळे पुसून परत येई आणि म्हणे, "नाही, बाळ." आधी पाचूने वाटी उलटवली. मग मिरची तेवढी उचलली. मग भूक लागून मेथी कुरतडली, आणि पुढे पेरूची वाट पाहू लागला. त्याच्या पिसांवर तकाकी आली. इंदुरेखा राणीचा हात सोडून अंगणात फिरू लागली.

एका सकाळी राजाने पाचूला गच्चीवर नेले. कळस उन्हात चमकत होता. राजाने हात पुढे केला. राणी आणि इंदुरेखा श्वास रोखून उभ्या राहिल्या.

"आधी पेढा," पाचू इंदुरेखेच्या आवाजात म्हणाला. "नाहीतर मी उडणार नाही."

एका पेढ्याने लेक परत मिळणार होती. त्याने राणीकडे पाहिले. राणीची नजर लेकीवर होती. त्याने लेकीकडे पाहिले. इंदुरेखेने मान हलवली, नको.

"नाही," राजा म्हणाला. "आजही नाही."

पाचू असा काही रुसला! पिसे फुलवून त्याने राजाकडे पाठ फिरवली आणि राजापासून जितके लांब जाता येईल तितके लांब जायला तो उडाला. खिडकीवरून गेला, बुरुजावरून गेला आणि सगळ्यांत लांबची जागा म्हणून कळसावर जाऊन बसला.

"आबा!" इंदुरेखा ओरडली. आवाज तिच्या गळ्यातून आला होता.

राजा मटकन खाली बसला. इतक्या दिवसांचे ओझे त्याच्या छातीवरून एकाएकी उतरले होते. तो हसत होता की रडत होता, हे राणीलाही सांगता आले नसते. कळसावरून पाचू स्वतःच्या कर्कश आवाजात, अगदी राजासारखा ओरडला, "हा माझ्यासाठी!" राजाने त्याला पेरूची फोड दाखवली. पाचूने थोडा विचार केला आणि खाली आला.

"आबा, मला भूक लागली," इंदुरेखा म्हणाली.

राजा ताडकन उठला. लाडू, जिलब्या, श्रीखंड, सगळी नावे त्याच्या जिभेवर धावून आली. ती त्याने गिळली.

"किती वाढू, बाळ?"

"अर्धी भाकरी."

राजाने भाकरी आणवली, आपल्या हाताने मोडली आणि अर्धी वाढली. उरलेली अर्धी घेऊन तो तिच्या शेजारी जेवायला बसला.

पुढच्या पंक्तीला विरूपाक्ष पुन्हा आला. त्याने पानावर हात आडवा धरला आणि राजा नमस्कार करून पुढे गेला. मांत्रिक त्या दिवशी पोटभर जेवला आणि आशीर्वाद देऊन दारातून निघून गेला. जशी इंदुरेखेची भूक भागली, तशी तुमची आमची भागो, आणि पानात काही टाकायची वेळ न येवो.