सगळ्या रानाचा एकच गाईड

एक रान होतं. नकाशात ते कुठं सापडत नसे, पण निवडणुका मात्र वेळच्या वेळी होत. तिथला राजा होता मुसंडीराव नावाचा रानडुक्कर. 'चिखल सर्वांचा!' ही घोषणा देऊन तो निवडून आला, आणि आल्या आल्या त्यानं राजवाड्यामागे मोठा डबरा खणून घेतला. त्यात तो दिवसभर लोळे. याला रानात 'जनतेत मिसळणं' म्हणत.

त्याच रानात वेणू नावाची एक खवले मांजर राहायची. महाभित्री. कुणी जोरात शिंकलं तरी अंगाचा चेंडू करून बसायची. पण अभ्यासात हुशार. रानातलं तळं दरवर्षी आटत चाललं होतं. बेडकांची अख्खी आळी उठून गेली होती, आणि वेणूच्या आईला घोटभर पाण्यासाठी टेकडी उतरावी लागे. तेव्हा वेणूनं ठरवलं, यावर पीएचडी करायची. विषय : 'तळ्यातलं पाणी जातं कुठं?'

पीएचडी म्हटली की गाईड लागतो. वेणू विद्यापीठात गेली.

प्राध्यापक बगळे तळ्याच्या काठी एका पायावर उभे होते.

"सर, माझे गाईड व्हाल?"

"जागा नाही गं. पाच विद्यार्थी आहेत माझ्या हाताखाली."

"दिसत नाहीत कुठं."

बगळेसरांनी पाण्यात चोच घातली, काहीतरी घशाखाली उतरवलं आणि म्हणाले, "आता चार. एक जागा झाली बघ. येतेस?"

वेणू आली तशी परतली.

डॉ. घुबड म्हणाले, "दिवसा मला दिसत नाही, आणि रात्री मी सरकारी समितीवर असतो."

राहता राहिले डॉ. सरडे. ते हिरव्या पानावर बसले होते. विषय ऐकून त्यांचे डोळे दोन दिशांना पाणावले. "वा! असे निर्भीड विद्यार्थी हवेत! ये उद्यापासून!"

वेणू घरी नाचत गेली. दुसऱ्या दिवशी सर तपकिरी फांदीवर होते. "विषय झकास. फक्त 'कुठं' काढू या. उगाच कुणाकडे तरी बोट दाखवल्यासारखं वाटतं." तिसऱ्या दिवशी त्यांनी 'तळ्यातलं' काढलं, कारण तळं सरकारी होतं. चौथ्या दिवशी 'पाणी' काढलं, कारण हल्ली पाण्यावरून वातावरण तापतं.

"सर, आता नुसतं 'जातं' उरलं," वेणू रडकुंडीला येऊन म्हणाली. "लोकांना दळायचं जातं वाटेल."

"उत्तम! लोकसंस्कृती! जात्यावरच्या ओव्यांना अनुदानसुद्धा आहे."

वेणू तडक कुलगुरूंकडे गेली. कुलगुरू होत्या घोरपडबाई. खुर्चीला त्या अशा चिकटल्या होत्या की त्यांची बदली करायची तर खुर्चीचीही करावी लागली असती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वर विचारते."

वर होते मुसंडीराव. निवडणूक तोंडावर होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सभा घेतली.

"माझ्या रानबांधवांनो! एका गरीब लेकराला गाईड मिळत नाही! आजवरच्या राजांनी काय केलं? झोपा काढल्या! आजपासून सगळ्या रानाचा गाईड, मी!"

"एक रान, एक गाईड!" वानरांनी आरोळी ठोकली.

गाईड स्वतः डॉक्टर असावा लागतो, असं एक ससा पुटपुटला. संध्याकाळपर्यंत घोरपडबाईंनी महाराजांना 'उकराउकरीतील आजीवन योगदाना'बद्दल मानद डॉक्टरेट देऊन टाकली. सशाचंही काम तमाम झालं, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही.

मार्गदर्शन डबऱ्यातच चाले. वेणू गळ्यापर्यंत चिखलात उभी राहून म्हणे, "महाराज, दुसरं प्रकरण वाचून दाखवू?"

"आधी पाठ खाजव," महाराज म्हणत. "वाचणं विद्यार्थ्याचं काम, सही गाईडची."

पाठ खाजवता खाजवता वेणूच्या ध्यानात आलं, की चिखल कधी वाळतच नाही. झुडपांआडून एक पाट सारखा ताजं पाणी आणत होता. ती पाटाच्या काठाकाठानं चालत गेली, तर तळ्यावर पोचली. आईची सुकलेली जीभ तिला आठवली. आयुष्यात पहिल्यांदा तिला भीतीच्या आधी राग आला.

व्हायवा भरमैदानात झाली. परीक्षक होते डॉ. सरडे, चिखलाच्या रंगात. सगळं रान जमलेलं बघून वेणूचं अंग गोल व्हायला लागलं. तिनं ते कसंबसं सरळ केलं आणि म्हणाली, "तळ्यातलं सगळं पाणी पाटानं महाराजांच्या डबऱ्यात जातं."

कुठला रंग घ्यावा ते न कळून सरडेसरांनी सातही घेऊन पाहिले. मुसंडीराव डबऱ्यातून उठले. वेणूनं डोळे मिटले.

"ऐकलंत?" महाराज गरजले. "सगळं पाणी माझ्याकडेच येतं! दुसऱ्या कुणाकडे गेलंय आजवर?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "महाराज, अहो, ही तक्रार आहे!" वेणू ओरडली, पण तोवर तिच्या तोंडावर हार पडला होता. ती डॉक्टर झाली. सकाळी झाडाझाडावर फलक लागले : 'संशोधनाने सिद्ध! पाणी महाराजांकडेच!'

वेणूनं तरी हार मानली नाही. ती विरोधी पक्षाच्या गव्याकडे गेली. सरकारी कुरण फस्त केल्याबद्दल त्याची चौकशी चालू होती, पण आवाज मोठा होता. सगळं ऐकून गव्यानं रागानं खूर आपटला. "ताई, हा पाट मी फोडणार! मी निवडणुकीला उभा राहणार!"

त्या दिवशी वेणू चेंडू न होता झोपली.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ती गव्याला शुभेच्छा द्यायला गेली, तर तो घरी नव्हता. तो राजवाड्यामागे होता. वेणूच्या डोळ्यांदेखत तो मुसंडीरावांच्या चिखलात शिंगांपर्यंत उतरला, आणि अगदी स्वच्छ होऊन बाहेर आला.