तिपव्वानं सांभाळलेल्या दोघी

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्याच्या पणज्यालासुद्धा मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, खडकवस्तीत तिपव्वा नावाची बाई होती. वस्ती दगड फोडणाऱ्यांची. खाणीत एकदा धोंडा हातावर पडला आणि तिपव्वाचा उजवा हात कामातून गेला. मग ती सगळ्या वस्तीची डुकरं चारायला न्यायला लागली. बाई जिभेची तिखट होती. पण तिनं नुसतं पाहिलं तरी डुकरं कळपानं मागं चालायची, असं म्हणतात.

त्या काळी एक चाल होती. लेक सासरी जाताना आहेरात एक तरणी डुकरीण द्यायची. आहेर डोळ्यांत भरावा म्हणून लग्न ठरल्यापासून त्या जनावराला गुऱ्हाळातली मळी, शिळा भात, मिळेल ते चारायचं. जितकी डुकरीण जाड, तितकं माहेरचं नाक वर. सासरचेही कमी नव्हते. आल्यागेल्याला दाखवायची म्हणून तेही तिला चारतच राहायचे. वर्षाच्या आत ती व्याली तर सुनेचा पायगुण चांगला. नाही व्याली तर डुकरीण आणि सून, दोघींनाही परत धाडायचं. आता ही काय रीत झाली म्हणता? पण होती खरी.

तिपव्वाला मूलबाळ नव्हतं. मेलेल्या बहिणीची सुंदरव्वा तिनंच वाढवली होती. सुंदरव्वाला ओढ्यापलीकडच्या वरल्या खाणीवर दिली. नवरा मरगू गरीब स्वभावाचा होता आणि सासू बाळव्वा त्याच्या दुप्पट बोलणारी. वर्ष सरलं. डुकरीण माजावरच आली नाही, मग गाभण कुठून राहणार? आणि सुंदरव्वाचीही कूस उजवली नव्हती. पौषातल्या जत्रेत पंच बसले आणि निरोप आला, तुमच्या दोघी घेऊन जा.

तिपव्वा गेली. आधी तिनं डुकरीण पाहिली. मानेला वळ्या पडलेल्या, पोट जमिनीला टेकलेलं, उठताना धाप लागत होती. मग तिनं पोरीचं मनगट हातात धरलं. बांगडी पार कोपरापर्यंत सरकली.

"काय खातेस गं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खाते, मावशी. पण त्याआधी डुकरिणीला घालावं लागतं."

"आणि महिन्याचं?"

सुंदरव्वानं मान खाली घातली. चार महिने तिला विटाळ आला नव्हता, आणि ती पोटुशीही नव्हती.

तिपव्वा तशीच पंचांकडं गेली. पण ती पंचांपुढं रडली नाही. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत दोघी माझ्याकडं राहतील. डुकरीण व्याली तर पोरीला मानानं न्यायचं." पंच म्हणाले, "आणि नाही व्याली तर?" बाळव्वा मध्येच म्हणाली, "तर सोयरीक मोडली. आणि खडकवस्तीची एकही पोर आम्ही पुन्हा करणार नाही." आजूबाजूच्या सात वस्त्यांनी माना डोलावल्या. म्हणजे आता एका सुंदरव्वाचं नव्हे, वस्तीतल्या सगळ्या लेकींचं ओझं तिपव्वावर आलं.

आता ऐका, शहाणी माणसं कशी चुकतात ते. तिपव्वाला वाटलं, चरबीच आड येतेय ना, मग खाणंच बंद करू. महिनाभर तिनं डुकरिणीला नुसतं पाणी आणि पाला दिला. चरबी उतरली, पण जनावर भिंतीला टेकून पडलं. डोळे खोल गेले. माजाचं तर नाव नाही. शेजारणी म्हणाल्या, आता मारून खा. तिपव्वा दिवसभर त्या जनावरापाशी बसून राहिली. अति जाड होती तेव्हा माजावर आली नाही, अति वाळली तेव्हाही आली नाही. तिनं वळून सुंदरव्वाकडं पाहिलं, आणि पोरीचं अंगही असंच उपासानं आटलंय, हे तिला उमगलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून तिनं हुलग्याच्या पिठाचं पातळ, पेजेसारखं माडगं चुलीवर ठेवलं. पोरीला माडगं, भाकरी आणि ओढ्याकाठची घोळाची भाजी. डुकरिणीला ज्वारीचा कोंडा, शिजवलेले हुलगे, मूठभर करडईची पेंड, आणि रोज खाणीपर्यंत चालणं. आधी पोरगी जेवायची, मग जनावर. रोज ती डुकरिणीच्या पाठीवरून डावा हात फिरवायची. हाताला फासळी लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये, हे तिचं माप.

वैशाखात डुकरीण माजावर आली. बाळव्वा बातमी ऐकून नर घेऊनच धावत आली. तिपव्वानं तिला दारातूनच परत लावलं. "पहिल्या माजाला नाही. अंग अजून कच्चं आहे." एकवीस दिवसांनी दुसरा माज आला, तोही तिनं जाऊ दिला. बाळव्वा साऱ्या खाणीभर सांगत सुटली, म्हातारी मुद्दाम दिवस घालवतेय. तिसऱ्या माजाआधी दहा दिवस तिपव्वानं डुकरिणीचं खाणं दीडपट केलं. तोवर आषाढ लागला आणि ओढा दुथडी भरला. बाळव्वाचा नर पलीकडच्या काठावर अडकला. मग म्हणे तो आपणहून पाण्यात उडी मारून आला, आणि लाटा त्याला वाट देत बाजूला झाल्या. मरगूही त्याच्या शेपटामागून आला, डुकरीण बघायला. आता नवऱ्याला डुकरिणीची इतकी काळजी का, ते मला विचारू नका.

धनत्रयोदशीच्या सकाळी डुकरीण व्याली. कुणी म्हणतं चौदा पिलं, कुणी म्हणतं एकवीस. डुकरिणीला सड चौदाच असतात, पण जुनी माणसं म्हणतात की त्या दिवशी एकही पिलू उपाशी राहिलं नाही. सातही वस्त्यांची माणसं बघायला लोटली. बाळव्वाही आली. तिनं पिलं पाहिली, मग सुंदरव्वाच्या भरलेल्या गालांकडं पाहिलं आणि तिचा आवाज जरा उतरला.

"जनावराचं झालं," ती म्हणाली. "आणि पोरीचं काय? तिचं कधी?"

तिपव्वा उठून उभी राहिली. "डुकरिणीचं मी मोजलं, कारण तुम्ही मोजायला लावलंत. पोरीचं कुणी मोजायचं नाही. तिचा वाटा जनावराला घातलात तुम्ही. जनावर जाड केलंत, पोर वाळवलीत, आणि वर दोघींना वांझ म्हणालात. आता एकच विचारायचं. ती जेवली का?"

बाळव्वा चुलीपाशी गेली. मग तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, आपल्या हातानं ताट वाढलं आणि सुंदरव्वाला आपल्या आधी जेवायला बसवलं. सुंदरव्वा रडत रडत जेवली. सासूही रडली, असं म्हणतात.

तिपव्वा गेली तेव्हा वस्तीतल्या सगळ्या डुकरिणी रांगेनं तिरडीमागं चालल्या. खडकवस्तीत आहेरात अजूनही तरणी डुकरीण देतात, पण तिला कुणी फुगवत नाही. लग्नाच्या दिवशी सासू पहिलं ताट सुनेला वाढते आणि तिपव्वाचं नाव घेते. त्या सात वस्त्यांत नव्या सुनेला 'काही आहे का' असं कुणी विचारत नाही. येणारी प्रत्येक पाहुणी दारातूनच विचारते, "जेवलीस का गं?"

सुंदरव्वाला पुढं मूल झालं की नाही, ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून बघा. त्या रागावतात.