पाहणी पूर्ण

साथीच्या दिवसांत सरकारी आरोग्य विम्याचा नवा नियम आला होता, की डॉक्टरांनी फोनवरून केलेले उपचारही विम्यात धरायचे. पण विमा अधिकारी निंबाळकर साहेब काही तो मानायला तयार नव्हते. त्यामुळे कोकणातल्या डॉ. सुमती हळदणकरांना म्हाताऱ्या रुग्णांनाही नाइलाजाने दवाखान्यात बोलवावं लागे.

अखेर दवाखान्याच्या पाहणीचा दिवस उजाडला. साहेब ऑफिसात बसूनच व्हिडिओ कॉलवर आले. सुमतीताईंनी मोबाइल खोलीभर फिरवून दाखवला. "पाहणी पूर्ण," म्हणत साहेबांनी सही ठोकली आणि फोनवरच्या उपचारांचा विषय निघताच वर सुनावलं, "माणूस समोर नसताना तपासणी होतच नाही, बाई!"

"मग ती सही खोडा, साहेब," सुमतीताई शांतपणे म्हणाल्या. "आपण तरी इथे कुठे आला आहात?"

साहेब गोरेमोरे झाले. संध्याकाळीच फोनवरच्या उपचारांना मंजुरीचं पत्र आलं.

"बरी जिरवलीत हो!" नर्स वैजयंती हसली. सुमतीताईंना मात्र हसू फुटेना. महिन्यापूर्वी अनसूया परबांनी फोनवर विनवलं होतं, "गोळ्या अशाच सांगा ना." पण सुमतीताईंनी साहेबांची अट सांगून म्हातारीला बोलावून घेतलं. इथल्याच गर्दीत तिला लागण झाली आणि आठवड्यात ती गेली.

"हे उत्तर मला तेव्हाच सुचायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या.