राजाच्या कुत्र्यांची शाळा

राजा रणझुंजाराची अकरा शिकारी कुत्री तिसऱ्यांदा खरबुजांच्या मळ्यातून उधळत गेली, तेव्हा साळूने तुडवलेल्या वेलांचा भारा डोक्यावर घेतला आणि थेट दरबार गाठला. तिचा बाप भिकोबा "अगं पोरी, राजाशी कसलं भांडतेस" म्हणत मागोमाग आला, पण देवडीशीच थबकला.

"महाराज, मळा माझ्या बापाचा आहे," साळू म्हणाली. "चारी बाजूंनी बांध आहे. तरी तुमची शिकार दर वेळी आमच्या खरबुजांवरूनच जाते."

राजाने मिशीला पीळ दिला. "ससा काय बांध बघून पळतो? सशामागे कुत्री, कुत्र्यांमागे मी. यात माझा काय दोष?"

"तुम्ही बांधावर थांबायचं."

दरबारात कुणीतरी खोकलं. राजाला बाकी सगळं चाले, पण 'थांबा' म्हटलेलं चालत नसे.

"असं? मग कुत्र्यांनाच शिकव बांध कशाला म्हणतात ते! आठ दिवस ती तुझ्याकडे. नवव्या दिवशी सशामागे धावताना ती तुझ्या बांधावर थांबली, तर तुझ्या मळ्यात पुन्हा शिकार शिरणार नाही. नाही थांबली, तर मळा आमच्या शिकारीच्या रानात जमा."



पहिल्या दिवशी कुत्र्यांनी भिकोबाच्या वहाणा खाल्ल्या, कोंबड्या आढ्यावर चढवल्या आणि बांधावर फक्त एक पाय वर केला. साळूने भाकरी टाकली, ती त्यांनी हुंगलीसुद्धा नाही. राजवाड्यात रोज मटण खाणारी कुत्री ती! पण साळूला दिसलं, की रणभैरव नावाचा त्यांचा पुढारी चुलीजवळ टांगलेल्या टोपलीखाली उभा आहे आणि त्याच्या लाळेचं तळं झालंय. टोपलीत बाजारातून आणलेली सुकट होती. असला वासाचा मेवा राजवाड्यात कोण शिजवणार?

दुसऱ्या दिवसापासून साळू टोपली घेऊन बांधावर बसली. बांधावर बसेल त्याला मूठभर सुकट. बांध ओलांडेल त्याला काही नाही. कुत्री दोन दिवसांत शहाणी झाली.

"पण ससा दिसला की?" भिकोबाने विचारलं.

"म्हणूनच तुम्ही ससा व्हायचं, बाबा."

मग भिकोबाच्या कमरेला सशाचं कातडं बांधलं गेलं. चौथ्या दिवशी तो पळाला आणि अकरा कुत्र्यांच्या खाली सापडला. पाचव्या दिवशी सहाच कुत्र्यांच्या खाली सापडला. "सुधारणा आहे," साळू म्हणाली. आठव्या दिवशी तो मळ्यात पार आतपर्यंत पळत गेला. वळून बघतो तर अकराच्या अकरा कुत्री बांधावर ओळीने बसलेली, शेपट्या हलवत.

नवव्या दिवशी सकाळी राजा आला तेव्हा साळू बांधाच्या आत, मळ्याच्या कडेला उभी होती. हात मोकळे, सुकटीची पिशवी कमरेला. शिपायांनी ससा उठवला. ससा तीरासारखा सुटला, त्यामागे कुत्री, त्यामागे घोडा फेकत राजा. ससा बांधावरून मळ्यात. कुत्री बांधावर आली आणि खाली बसली.

घोड्याला एवढी अक्कल नव्हती. त्याने कुत्र्यांवरून उडी घेतली, खरबुजावर पाय ठेवला आणि घसरला. राजा वेगळा, पागोटं वेगळं! एका पिकल्या खरबुजात राजा बसता झाला.

त्याने मिशीतल्या बिया झटकल्या आणि रागाने बांधाकडे पाहिलं. रणभैरव साळूच्या कमरेच्या पिशवीकडे एकटक बघत होता. राजाने वास घेतला.

"सुकट! म्हणजे तू यांना लालूच दाखवलीस. यांना बांध कुठे कळलाय? यांना खायचं कळलंय."

"महाराज, तुमचे शिपाई राज्याच्या सीमेवर थांबतात," साळू म्हणाली, "ते काय फुकट थांबतात?"

मागे घोड्यांवर बसलेल्या शिपायांनी मान खाली घातली. एकाला हसू आवरेना.

राजा अजून खरबुजातच होता. "तरी शिकार मळ्यात आलीच की नाही?"

"कुत्री बांधावर आहेत. तुमची माणसं बांधापलीकडे आहेत. मळ्यात एकटे आपणच आहात. कुत्र्यांना शिकवायला आठ दिवस दिले होतेत, ते पुरले. आपल्यालाही शिकवायचं आहे हे आधी सांगितलं असतंत, तर मी वर्षभर मागून घेतलं असतं."

राजाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःखालच्या खरबुजाकडे पाहिलं आणि तो असा खदखदून हसला की घोडा दचकून बांधापलीकडे पळाला. तिथेच चिखलात बसून त्याने कारकुनाला हुकूम सांगितला: साळूच्या परवानगीवाचून या मळ्यात कुणाची शिकार येणार नाही, मग ती राजाची का असेना. बोटातली अंगठी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली, अनवाणी उभ्या भिकोबाला वहाणांचे दोन नवे जोड देववले आणि उठायला हात मागितला.

"आता बाहेर जायची परवानगी आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे," साळू म्हणाली. "फक्त वेलांवरून जाऊ नका."